माटोळीला रानातली फळं आणणारं घरात कुणी उरलं नाही. काय करावं?

साखळीची सून:
आमची चवथ, म्हणजे गोव्यातली गणेशचतुर्थी, दीड दिवसाची. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं बांधून टांगतात, ती माटोळी. सासरे होते तोवर माटोळीची काळजी मला कधी करावी लागली नाही. दोन दिवस आधी ते कोयता घेऊन रानात जायचे. कांगल्या, घागऱ्या, आंबाडे आणि बांधायला केवणीची साल घेऊन यायचे. सुतळी त्यांना चालत नसे.

ते गेले. गेल्या चवथीला दुबईहून आलेल्या दिरांनी म्हापशाहून परदेशी सफरचंदं, किवी, ड्रॅगनफ्रूट आणलं आणि मधल्या जागा प्लॅस्टिकच्या द्राक्षांनी भरल्या. त्यांनी मनापासून केलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण आरती चालू असताना माझी नजर सफरचंदांवरच्या स्टिकरांवरच जात होती. सफरचंद बारा महिने मिळतं हो. माटोळीत भाद्रपदात आपल्या मातीत जे पिकतं ते हवं ना?

आठ वर्षांच्या पुतणीने विचारलं, "काकी, घागऱ्या खंय?" वाळलेली शेंग तिच्या कानाशी धरून आजोबा खुळखुळवायचे. मला ते झाड ओळखता येत नाही. इतकी वर्षं त्यांच्या हातून फळं घेतली, एकदाही सोबत गेले नाही. यंदा काय करू?

डिचोलीकर:
ताई, चवथीच्या आदल्या दिवसांत डिचोलीच्या माटोळी बाजारात या, पण सकाळी लवकर. गावागावांतल्या बायका रानातलं सगळं घेऊन बसतात. त्यांच्याकडून नुसतं विकत घेऊ नका, विचारा. कुठे मिळतं, वेल की झुडूप, सगळं सांगतात. मी असाच शिकलो.

रानवाटा:
एक विनंती. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे विसरलेली नावं पुन्हा लोकांच्या तोंडी आली, हे खरंच चांगलं झालं. पण वस्तूंची संख्या वाढवायच्या नादात आमच्या गावात अख्ख्या वेली ओढून काढलेल्या मी पाहिल्यात. एक झुबका पुरतो. घागऱ्या तर परसात पेरा, बी सहज रुजतं.

तिसवाडीची लेक:
आमच्या घरी आजही मूर्ती नसते, कागदावरचा गणपती पुजतो. 1560 ते 1812 इथे पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे लोकांच्या धर्मावर पाळत ठेवणारं न्यायालय होतं. त्या काळात मूर्ती लपवणं कठीण, म्हणून पत्री आणि कागद आले, असं घरातले सांगत आले. देवाचं रूप बदललं, पण पूजा कुणी सोडली नाही. दिरांवर रागावू नका. त्यांनाच बाजारात सोबत न्या.

साखळीची सून:
आत्ताच दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, केवणीची साल सोलायला बाबांनी मला शिकवलं होतं, लहानपणी." मला हे ठाऊकच नव्हतं! यंदा दोन दिवस आधी येतायत. पुतणीला घेऊन तिघं डिचोलीला जाऊ. बाजार किती वाजता भरतो, डिचोलीकरदादा?