अनुभव धागा: शोभेच्या जुन्या बाटल्या घरात कशाला वापरता?

माळा आवरताना सासऱ्यांनी जमवलेल्या बाटल्यांचं खोकं सापडलं. ओल्ड मंकची ती बसकी, खडबडीत काचेची बाटली, एक निळी अत्तराची, एक जडशीळ नक्षीदार डिकँटर (दारू ओतून ठेवायची काचेची सुरई) आणि बरंच काही. भंगारवाला काचेला हातही लावत नाही. रंग फासून, सुतळी गुंडाळून शोकेसमध्ये ठेवायचे सल्ले नकोत, ते व्हिडिओत ढिगाने आहेत. तुमच्याकडे रोजच्या वापरात काय आहे, ते सांगा.

रत्नागिरीकर: मनीप्लांट! हसू नका. तपकिरी किंवा हिरवी बाटली घ्या. पांढऱ्या काचेत उजेड जास्त शिरतो आणि पाण्यात शेवाळ धरतं. वेल पेराच्या जरा खाली कापायचा आणि पेर पाण्यात बुडेल असा ठेवायचा, कारण मुळं पेरालाच फुटतात. बुडालेली पानं काढून टाका, नाहीतर कुजून वास मारतो. पाणी आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंडी काचेला चिकटवून ठेवतो. पालिकेची माणसं डासांच्या तपासणीला आली की आधी मनीप्लांटच्या बाटल्या बघतात, ते उगाच नाही.

सदाशिवपेठी: बाटली धुणार कशी, ते कोणीच सांगत नाही. लेबल कोमट पाण्यात भिजवून कागद निघतो, डिंक राहतो. त्यावर खोबरेल आणि खायचा सोडा कालवून लावा, अर्ध्या तासाने अंगठ्याने चोळा. डिंकाच्या मळकट वळ्या होऊन निघतात. आत ब्रश जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, थोडं व्हिनेगर आणि पाणी घालून खळखळ हलवा. तांदूळ अर्थातच फेकायचे. (आमच्याकडे यावरही चर्चा झाली होती.)

बाल्कांवातून: आमच्याकडे गोव्यात फेणीच्या मोठ्या पोटाच्या, वेताने विणलेल्या बाटल्या जुन्या घरांत हमखास असतात. काजूच्या फेणीला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण या बाटल्यांना कोणी विचारत नाही. आमची बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दिव्याची बैठक झाली आहे. तळाशी वाळू घातली, त्यामुळे मांजराने धडक दिली तरी हलत नाही. वायर बाटलीच्या आतून नेली नाही, होल्डरच्या बाजूने बाहेर काढली. काचेला भोक पाडायची गरजच पडली नाही.

केमिस्ट्रीवाली: त्या जडशीळ डिकँटरबद्दल. जुन्या नक्षीदार क्रिस्टलच्या काचेत शिसं असू शकतं. लेड क्रिस्टल म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेत तर 24 टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं. दारू, व्हिनेगर, लिंबाचं सरबत असं काही दिवसचे दिवस भरून ठेवलं की शिसं त्यात उतरतं. फुलं ठेवा, खायचं-प्यायचं काही नको. आणि दोऱ्याला स्पिरिट लावून, पेटवून बाटली कापायचे प्रयोग घरात मुलं असताना तर अजिबात नकोत. बाटलीची साधी काच गरम-गार एकदम सोसत नाही. कुठे तडकेल ते दोरा ठरवत नाही. याच कारणाने उकळता पाकही त्यात ओतू नका.

सांगलीचा सोडा: आमचं सोडावॉटरचं दुकान होतं. गोटीच्या बाटल्या अजून आहेत. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ही बनावट: आतला गॅस गोटी वर दाबतो, ती मानेतल्या रबरी कड्याला बसते, वेगळं बूच लागत नाही. पण घरात फार उपयोग नाही, खरं सांगतो. गोटीमुळे ब्रश आत जात नाही. आमच्याकडे दोन बाटल्यांत पाणी भरून पुस्तकांना टेकू दिलाय, तेवढंच. बाकीच्या पोरं खुळखुळवत बसतात.

न्यू जर्सीची वहिनी: मेपल सिरपची छोट्या कानाची काचेची बाटली! देवघरात तेलासाठी. तोंड अरुंद, कान धरून समईत बारीक धार सोडता येते, एक थेंब बाहेर नाही. इकडे थंडीत खोबरेल गोठून बसतं म्हणून तिळाचं भरते. सासूबाई भारतातून आल्या, त्यांनी जाताना दोन रिकाम्या बाटल्या बॅगेत घातल्या. चकलीचा सोऱ्या मात्र इथेच विसरल्या.

धागाकर्ती: बरं झालं विचारलं, डिकँटरमध्ये कोकमाचं आगळ भरायचा बेत होता. तो रद्द. ओल्ड मंकमध्ये आजच मनीप्लांट लावला. आता निळ्या बाटलीचं काचेचं बूच निघत नाहीये, काही उपाय?

सदाशिवपेठी: बुचाच्या कडेने तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी मानेभोवती कोमट फडकं गुंडाळा आणि लाकडी पळीने बुचाला दोन्ही बाजूंनी हळू टिचक्या मारा. पिळू नका, मान तुटते. आणि आत अत्तर शिल्लक असलं तर काय वास येतो ते इथे लिहा.