दांतेच्या स्वर्गात काळ थांबतो का?

गोदाकाठ (परभणी):
दोन महिन्यांपासून दांते या जुन्या इटालियन कवीची डिव्हाइन कॉमेडी वाचायलोय, इंग्रजी भाषांतरातून, रात्री दुकानाचं शटर खाली ओढलं की. कवी स्वतःच नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग असा प्रवास करतो, ती कविता. आता स्वर्गाच्या भागात अडकलो, तिथं एकावर एक फिरणारे आकाशाचे गोल आहेत. सत्ताविसाव्या सर्गात बिआत्रिचे, त्याची प्रेयसी अन् स्वर्गातली वाटाडी, त्याला सांगते की काळाची मुळं सगळ्यात वरच्या, सगळ्यात जोरात फिरणाऱ्या गोलात आहेत, कुंडीत असावीत तशी, आणि पानं खालच्या गोलांत. पुस्तक मिटून बसलो राव. आमची आजी श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण करायची, पंधरावा अध्याय तिच्याजवळ बसून ऐकलेला, वर मुळं खाली फांद्या. हे झाड तिकडं इटलीत कुठून आलं? आणि अजून एक, देवापाशी काळच नाही म्हणतेत, मग कविता पुढं सरकते कशी? एका ओळीमागं दुसरी यायला वेळ लागतोच की.

बालाघाट_सीताफळ (अंबाजोगाई):
झाडाचं आधी सांगतो. गीतेतून तिकडं गेलं असं म्हणायला हाताशी काही नाही, ओढाताण करू नका. पण जवळजवळ एकाच वेळचे आहेत दोघं. ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे 1290, नेवाशाला झाली, दांते तेव्हा पंचविशीतला, आणि त्याच्या कवितेतला प्रवास 1300 च्या गुड फ्रायडेच्या सुमाराचा. फरक मात्र मोठाय. आपल्याकडं अश्वत्थ म्हणजे उद्यापर्यंत टिकेल याचाही भरवसा नाही असा संसार, तो वैराग्याच्या शस्त्रानं तोडायचाय. दांतेचं झाड कुणी तोडत नाही, कारण ख्रिस्ती विचारात काळसुद्धा देवानंच जगासोबत निर्माण केला, ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती संतापासून हे चालत आलंय. उलट अठराव्या सर्गात तो स्वर्गालाच शेंड्यावर जगणारं झाड म्हणतो, कायम फळणारं, पान न गळणारं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या सर्गात आहे, परत बघा. सगळे पुण्यात्मे खरं तर एकाच ठिकाणी, देवाजवळच आहेत, चंद्रावर बुधावर वेगवेगळे दिसतात ते फक्त दांतेसाठी, माणसाच्या बुद्धीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही उमगत नाही म्हणून. पायऱ्या आहेत त्या आपल्यासाठी.

रात्रपाळी (जालना):
मी स्वर्गापर्यंत पोचलो नाही अजून पण नरकातला दहावा सर्ग कुणी विसरू नका. फारिनाता नावाचा तिथला एक आत्मा सांगतो की आम्हाला लांबचं भविष्य दिसतं पण घटना जवळ आली की काहीच दिसत नाही, अगदी चाळिशी लागलेल्या माणसासारखं, लांबची पाटी वाचतो अन् हातातली चिठ्ठी दिसत नाही. आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशी भविष्याचं दारच बंद होणार, म्हणजे तेवढं ज्ञान पण गेलं. आज काय चाललंय तेच माहीत नसणं, यापेक्षा वाईट शिक्षा मला तरी सुचत नाही. शुद्धिलोकात, म्हणजे स्वर्गाआधी पापं धुवायच्या डोंगरावर, उलट, तिथं सूर्य बुडाला की एक पाऊल वर टाकता येत नाही, सोर्देल्लो नावाचा तिथं भेटलेला कवी बोटानं जमिनीवर रेघ ओढून दाखवतो की एवढीसुद्धा ओलांडता येणार नाही. आणि तिथला मुक्काम मागं राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं कमी होतो, दांतेचा मेलेला मित्र फोरेसे, त्याची बायको नेल्ला रडून रडून प्रार्थना करते म्हणून तो लवकर वर आला. आई वडलांच्या तिथीला पान वाढते तेव्हा मला हेच आठवतं.

ओवी_मास्तरीण (लातूर):
छान चाललंय. माझा आवडता स्वर्गातल्या दहाव्या सर्गाचा शेवट, सूर्याच्या गोलात बारा ज्ञानी आत्मे कडं करून फिरतेत आणि दांते म्हणतो जसं घड्याळ आपल्याला हाक मारतं, देवाची नवरी पहाटे उठून नवऱ्याला गाणं म्हणायला जाते त्या वेळी, एक भाग ओढतो दुसरा ढकलतो आणि गोड आवाज येतो, तिन् तिन्. नवरी म्हणजे चर्च. यंत्राचं घड्याळ तेव्हा नवंच होतं. मला तर काकडाच ऐकू येतो, कार्तिकातली थंडी, गार फरशीवर पाय, आणि आत घंटा. वेळ सांगणारी वस्तूच घेतली त्यानं अन् तिच्यातून प्रेम वाजवलं. आणि त्या कड्यात बोएथियस हा रोमन तत्त्वज्ञ पण आहे बरं का, अनंत म्हणजे लांबच लांब काळ नव्हे तर सगळं आयुष्य एकदम हातात असणं, हे त्याचंच. सतराव्या सर्गात दांतेचा पूर्वज काच्चाग्विदा जो बिंदू बघून बोलतो, जिथं सगळे काळ हजर आहेत, तो इथूनच आलाय.

गोदाकाठ (परभणी):
चौथा सर्ग परत वाचला, बरोबर आहे, घाईत सुटला होता. आता शेवटच्या सर्गातली पंचवीस शतकांची ओळ सांगा कुणीतरी, समुद्रदेव वर बघतोय ती.

बालाघाट_सीताफळ (अंबाजोगाई):
आर्गो, ग्रीक पुराणकथेतलं जगातलं पहिलं जहाज. नेपच्यून तळातून वर बघतो तर डोक्यावरून सावली सरकायली, असलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्या गोष्टीला पंचवीस शतकं झाली तरी लोक ती एवढी विसरले नाहीत, जेवढं मी देवाला बघितलेला तो एकच क्षण विसरलो, असं दांते म्हणतो. ओळी पुढं सरकतेत त्या ह्या विसरण्यामुळंच, सगळं आठवत असतं तर एका शब्दात संपली असती कविता, असं मला वाटतं.

गोदाकाठ (परभणी):
म्हणजे तो पण नेपच्यूनसारखाच, खालून वर बघायलाय. आजीची ज्ञानेश्वरी फळीवरून काढली, पंधराव्याच्या पानात तिचं तुळशीचं वाळकं पान निघालं. आज दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसतो.