उत्तर: उत्तर: उत्तर: मंडळाचा लॅपटॉप, शुक्रवारपर्यंत कळवा

प्रेषक: मराठी शाळा

नमस्कार मंडळी,
रविवारी पुन्हा तेच. बाराखडीच्या स्लाइड लावायला गेले तर लॅपटॉप अपडेट घेत बसला आणि तोवर शिशुवर्गाने खडूने अख्खी फरशी रंगवली. हॉलच्या हाउसमाइस्टरचा (देखभाल बघणाऱ्याचा) चेहरा ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला. पाडव्याआधी दुसरा लॅपटॉप घ्यायचाच आहे. ४०० युरो बैठकीत मंजूर आहेत. मी रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) थिंकपॅड टी४८०एस बघून ठेवलाय. वजन दीड किलोच्या आत, १६ जीबी रॅम. एस-बानमध्ये (लोकल गाडीत) पाठीला जाणवणार नाही. हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत बोला, नंतर नको.

प्रेषक: खजिनदार

हरकत नाही. फक्त रेष्नुंग (बिल) फेराइनच्या, म्हणजे मंडळाच्या नावावर हवी, तुमच्या नावावर नको. स्पीकरच्या वेळी हिशोब तपासनीसांनी काय केलं ते सगळ्यांना आठवत असेलच.

प्रेषक: नाना

खजिनदारसाहेब, इथेच गोम आहे. जर्मन कायद्यात ग्राहक म्हणजे हाडामांसाचा माणूस, फेराइन नव्हे. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करायचा हक्क ग्राहकाला असतो. मंडळाच्या नावावर घेतलंत आणि बॅटरी निघाली मरतुकडी, तर दुकानदाराच्या पाया पडायचं. गेवेअरलाइस्टुंगचंही (माल सदोष निघाला तर विकणाऱ्यावरची कायदेशीर जबाबदारी) तेच, फेराइनच्या बाबतीत दुकानदाराला हात झटकता येतात. त्यापेक्षा शाळेच्या ताईंनी स्वतःच्या नावावर घ्यावा, आठवडाभर वापरून बघावा, मग मंडळाने त्यांना पैसे द्यावेत.

प्रेषक: खजिनदार

मग तो मंडळाचा की ताईंचा?

प्रेषक: नाना

हा प्रश्न मला का विचारता? अध्यक्षांना विचारा.

प्रेषक: अण्णा

जुन्याला काय धाड भरलीये? त्यावरच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे मान्य. पण युरोपात सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतायत, मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की झालं. नाहीतर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, मी शनिवारी येऊन टाकून देतो. त्याच डब्यावर अजून चार वर्षं निघतील. ४०० युरोत पाडव्याचं श्रीखंड येतं.

प्रेषक: मराठी शाळा

अण्णा, तुम्ही टाकून द्याल हो, आणि मे महिन्यात साताऱ्याला गेलात की मी कोणाच्या नावाने बोंब मारू? शिवाय त्याचं बिजागर निखळलंय. झाकण मागे पुस्तक लावून उभं करावं लागतं. हे लिनक्सने दुरुस्त होतं का?

प्रेषक: सांस्कृतिक विभाग

आमचंही ऐकाल का? लॅपटॉप शाळेचा नाही, मंडळाचा आहे. एकांकिकेचं पार्श्वसंगीत आणि गणपतीतल्या आरतीच्या स्लाइड त्यावरच चालतात. माझं मत अॅपलच्या जुन्या मॅकबुक एअरला, एम१ चिपवाला. पंखाच नाही, त्यामुळे रंगमंचाशेजारी आवाज शून्य. बॅटरी दिवसभर. सेकंडहँड बजेटात मिळतो.

प्रेषक: नाना

एम१ उत्तम, पण त्याला दोन यूएसबी-सी आणि हेडफोनचं भोक, बस्स. आपल्या हॉलचा प्रोजेक्टर जुन्या व्हीजीए जोडणीचा! मागच्या कोजागिरीला अॅडॉप्टर शोधण्यात अर्धं दूध आटलं. टी४८०एसला निदान एचडीएमआय अंगचं आहे, मग एकच अॅडॉप्टर सांभाळायचा. आणि ८ जीबीचा एअर घेतला की ८ च राहणार, रॅम वाढत नाही. थिंकपॅडला एक खाच तरी असते.

प्रेषक: सांस्कृतिक विभाग

तो अॅडॉप्टर कोणाकडे आहे?

प्रेषक: एक नवीन सदस्य

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. जुनं थिंकपॅड घेणार असाल तर प्रोसेसर बघून घ्या. दोन-चार अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी आणि पुढचीच विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे. टी४७० दिसायला तसाच, स्वस्तही मिळतो, पण सहाव्या-सातव्या पिढीचा, म्हणजे पुन्हा आहे तिथेच. टी४८०एस जेमतेम बसतो. दुकानदाराला बॅटरीची क्षमता लेखी विचारा. 'तपासलेली' म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. मी घेतलेल्याची 'तपासलेली' बॅटरी फ्रँकफुर्टहून माइंत्सपर्यंतसुद्धा टिकली नाही.

प्रेषक: अण्णा

स्वागत आहे! गाव कुठलं तुमचं?

प्रेषक: एक नवीन सदस्य

मिरज.

प्रेषक: स्मरणिका संपादक

सगळे पोर्ट मोजताय, कीबोर्डचं कोणी बोलत नाही. इथला माल म्हणजे जर्मन कीबोर्ड. वाय आणि झेड उलटसुलट. मांडणी इंग्रजी ठेवून रोमनमधून मराठी लिहायला बसा: छापलेल्या वायवर बोट ठेवून 'यादी' लिहायला जावं तर उमटतं 'झादी'. मागच्या अंकात 'झशवंत' गेला होता, मुद्रितशोधनात मी पकडला म्हणून वाचलो. मांडणी जर्मनच ठेवली तर चालतं, पण मग अर्ध्या लोकांना @ सापडत नाही.

प्रेषक: माई

इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिका की! मी मुंबईत मंत्रालयात त्यावरच टाइप केलंय. कळीवर काय छापलंय याच्याशी घेणंदेणं नाही, जागा ठरलेल्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'य' उजव्या शिफ्टला लागून आहे, जर्मन कीबोर्डवर तिथे आडवी रेघ असते. महिनाभरात हात बसतो. शाळेतल्या मोठ्या मुलांनाही शिकवा, रोमनमधून मराठी लिहून त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ कायमचे बिघडतायत.

प्रेषक: मराठी शाळा

माई, मुलांनी आधी 'ळ' म्हणावा, मग टाइपिंग बघू.

प्रेषक: स्मरणिका संपादक

आणि जुने अंक? ते श्रीलिपी या जुन्या फॉन्टात आहेत, कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. तो फॉन्ट फक्त सध्याच्या लॅपटॉपवर आहे. नवा आणून जुना भंगारात दिलात तर रौप्यमहोत्सवाच्या अंकाला जुने लेख उघडणार कशात? जुना माझ्याकडे राहू दे.

प्रेषक: अण्णा

जुना माझ्याकडे द्या, त्यावर मिंट

प्रेषक: स्मरणिका संपादक

अण्णा, हात लावायचा नाही.

प्रेषक: काकू (सांगलीवाल्या)

मधेच विचारते, बाबांसाठी इथूनच एक नेला तर? पुढच्या महिन्यात जातेय. कस्टममध्ये अडवतात का?

प्रेषक: नाना

काकू, अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप विनाशुल्क नेता येतो. हातातल्या बॅगेत ठेवा. पण बाबांना जर्मन कीबोर्ड देऊन छळ का मांडताय? तिथेच घ्या, बिघडला तर गल्लीतला माणूस बघेल.

प्रेषक: अध्यक्ष

मी प्रवासात होतो, आत्ता सगळं वाचलं. टी४८०एस घ्या. ऑनलाइन नको. स्टेशनजवळच्या दुकानात प्रत्यक्ष चालवून बघा, बॅटरीचा आकडा आणि वर्षभराची हमी रेष्नुंगवरच लिहून घ्या, रेष्नुंग फेराइनच्या नावाने. म्हणजे खजिनदार आणि नाना दोघांचं समाधान. लॅपटॉप शाळेकडे राहील, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांस्कृतिककडे. जुना स्मरणिकेकडे.

प्रेषक: सांस्कृतिक विभाग

आदल्या दिवशी नको, रंगीत तालमीला हवा. म्हणजे गुरुवारी.

प्रेषक: मराठी शाळा

गुरुवारी चालेल, फक्त रविवारी सकाळी चार्ज करून परत द्या. काकू, येताना देवनागरी कळांचे स्टिकर मिळाले तर आणाल का? इनस्क्रिप्टचे, माईंसाठी.

प्रेषक: काकू (सांगलीवाल्या)

आणते. अजून कोणाला काही? लोणचं सोडून बोला, त्याची यादी भरली.

प्रेषक: सांस्कृतिक विभाग

आणि व्हीजीए अॅडॉप्टर नक्की कोणाकडे आहे?