अमोल पालेकर : नट मोठा की दिग्दर्शक?

मांडवीकाठ (पणजी)

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत अनेक वर्षे भूमिका करणारा आमचा एक तरुण मित्र आता अभिनय थांबवून चित्रपट करायचे म्हणतो. 'इतका चांगला नट असताना हे कशाला?' असे घरच्यांनी विचारले, तेव्हा त्याने अमोल पालेकरांचे उदाहरण दिले आणि तेथून आमच्यात वाद सुरू झाला. माझे मत असे की स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून पालेकरांनी केलेले काम हे त्यांच्या अभिनयापेक्षा मोठे आहे. १९७४च्या 'रजनीगंधा'पासून १९७९च्या 'गोलमाल'पर्यंत त्यांनी साध्या, संकोची, मध्यमवर्गीय तरुणाची प्रतिमा उभी केली. त्यानंतर दोनच वर्षांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटासाठी, 'आक्रीत'साठी, त्यांनी परभणीकडच्या मानवत गावातील हत्याकांडाचा विषय घेतला आणि त्या हत्यांमागच्या पुरुषाची भूमिका स्वतः केली. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षकांचा विश्वास होता, तोच चेहरा त्यांनी अशा माणसाला दिला. यशाच्या शिखरावर असताना इतकी जोखीम घेणारे नट मला फारसे आठवत नाहीत.

अंत्रुजवासी (फोंडा)

धाडस मान्य, निष्कर्ष मान्य नाही. 'छोटी सी बात'मध्ये बसथांब्यावर उभा राहून एक शब्दही न बोलू शकणारा तो कारकून आजही लोकांच्या मनात आहे. श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'मधला केशव दळवी, पत्नीच्या कमाईवर जगून तिच्यावरच संशय घेणारा, हा तर मराठी माणसाला नेमका ओळखू येणारा दुष्टपणा आहे. तो पालेकरांनी आवाज न चढवता उभा केला. असा नट दिग्दर्शनाकडे वळला, यात आपण काय गमावले याचा हिशेबही मांडायला हवा.

दुसरे असे की त्यांनी दिग्दर्शित केलेला १९९६चा 'दायरा' परदेशातील महोत्सवांत गाजला, पण आपल्या देशात तो रीतसर चित्रपटगृहांत लागलाच नाही. २००४पासून पणजीत दर वर्षी इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. तेथे एखादा चित्रपट एकदा दाखवला जातो, लोक भारावून बाहेर पडतात आणि मग म्हापशाच्या किंवा मडगावच्या प्रेक्षकाला तो कधीच दिसत नाही, हे आपण गोव्यात जवळून पाहतो. ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत न पोचलेला चित्रपट मी निम्मे काम समजतो. शिवाय त्यांच्या 'बनगरवाडी'ला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शनचे पाठबळ, तर २००५च्या 'पहेली'ला शाहरुख खानच्या संस्थेचा पैसा. यात 'स्वतंत्र' ते काय?

तेरेखोल (पेडणे)

'दायरा'विषयी मला बोलायचे आहे, कारण मी तो उशिरा, एका मित्राच्या घरी पाहिला आणि तेव्हापासून तो मनातून गेलेला नाही. रंगमंचावर स्त्रीभूमिका करणारा आणि एरवीही स्त्रीवेशात वावरणारा एक नट आणि अत्याचारानंतर पुरुषवेश घेणारी एक तरुणी, यांची ती गोष्ट आहे. आमच्या भागातल्या जत्रांत दशावतार पाहत मी वाढलो. दशावतारातला स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा नट, पहाटे रंग पुसून घरी निघतो, तेव्हा त्याच्याकडे लोक कसे पाहतात, हे मी लहानपणी पाहिले आहे. रात्री ज्याला नमस्कार करायचा, त्यालाच दिवसा हसायचे. ती नजर पडद्यावर आणायला स्वतः रंगभूमीवर वावरलेला दिग्दर्शकच लागतो, असे मला वाटते, आणि म्हणून पालेकरांतला नट वाया गेला हे म्हणणे मला पटत नाही. चित्रपट लागला नाही, हा वितरणाचा दोष आहे. तो दिग्दर्शकाच्या खात्यावर का मांडायचा?

पालेकरांचा 'अनकही' हा चित्रपटसुद्धा आठवा. मूळ नाटक 'कालाय तस्मै नमः', लेखक आपल्या शेजारच्या कुडाळकडचे चिं. त्र्यं. खानोलकर. मुलाच्या पहिल्या पत्नीचा मृत्यू ओढवणार, असे ज्योतिषी बाप सांगतो, म्हणून मुलगा आवडती मुलगी वाचवण्यासाठी आधी दुसऱ्याच एका निष्पाप मुलीशी लग्न करतो. जिला काहीच सांगितलेले नाही, तिच्याकडे पालेकर आपले लक्ष वळवतात. जयदेव यांचे संगीत आणि भीमसेन जोशींचे गायन, दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अंत्रुजवासी (फोंडा)

गायनाबद्दल वादच नाही. पण खानोलकरांच्या नाटकाची भाषा हाच त्याचा प्राण होता आणि चित्रपट हिंदीत झाला. 'पहेली'बद्दल तर माझी तक्रार अधिक गंभीर आहे. विजयदान देथा यांच्या मूळ कथेत परगावी गेलेल्या नवऱ्याचे रूप घेऊन सुनेसोबत राहणारे भूत शेवटी पकडले जाते आणि तिचे सुख संपते, तर चित्रपटात ते भूत नवऱ्याच्या देहात शिरून गोड शेवट होतो. मणी कौल यांनी हीच कथा १९७३मध्ये 'दुविधा' म्हणून केली होती, तेव्हा शेवट असा मवाळ केला नव्हता. मोठे तारे आले की किंमत द्यावी लागते, ती ही.

मांडवीकाठ (पणजी)

'पहेली'चा शेवट मवाळ झाला, हे मी मान्य करतो. पण भूत तिला आपले खरे रूप सांगून निर्णय तिच्यावर सोडते, हा मूळ कथेचा गाभा त्यांनी लाखो प्रेक्षकांसमोर तसाच ठेवला.

स्वतंत्र म्हणजे पैसा कोणाचा, एवढ्यावर मी ते ठरवत नाही. विषय कोणी निवडला, हे मी पाहतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. दुष्काळात एक वस्ती माणसांसकट ओस पडते, इतकेच जिचे कथानक, त्या कादंबरीवर चित्रपट काढा, असे कोणता निर्माता आपणहून सांगेल? 'ध्यासपर्व' तर १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणाऱ्या आणि १९२७पासून आयुष्याच्या अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर. आयुष्यभर खटले आणि उपेक्षा सोसलेल्या माणसाची गोष्ट सांगताना, ती भूमिका करणाऱ्या किशोर कदमांकडून त्यांनी एकही टाळीचे वाक्य घेतले नाही. आणि लोकांपर्यंत पोचण्याचे म्हणाल, तर गोवा राज्य झाले त्याच १९८७ साली त्यांची 'कच्ची धूप' ही मालिका दूरदर्शनवर घरोघरी पाहिली जात होती.

अंत्रुजवासी (फोंडा)

'कच्ची धूप' आमच्याही घरी पाहिली जायची. ते मी विसरलो होतो. 'ध्यासपर्व' मी पाहिलेला नाही, तो पाहून मग लिहीन. तुमच्या मित्राला मात्र माझा निरोप सांगा, चित्रपट जरूर करावा, पण यंदाच्या स्पर्धेतले नाटक सोडू नये. पालेकरांनीही 'आक्रीत'मध्ये दिग्दर्शन करताना अभिनय सोडला नव्हता.