पहिला मेसेज कोण करतं, त्यावर नातं जोखायचं?

सरळरेघ: 'महिनाभर स्वतःहून कुणालाच मेसेज करू नका, जो आधी करेल तोच तुमचा.' कालपासून ही पोस्ट व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांवर येऊन आदळली. अहो, नवरा-बायकोत ज्याच्या डोक्यात घराची यादी, तो सुरुवात करतो: 'दूध आण', 'क्लासची फी भरलीस?' ऑफिसात ज्याचं काम अडलंय, तो. यात प्रेम कुठून आलं? आणि मोजायचंच तर नीट मोजा. अँड्रॉइडवर चॅट उघडा, तीन टिंबं, आणखी, एक्सपोर्ट चॅट, मीडियाशिवाय. टेक्स्ट फाइल येते. स्प्रेडशीटमध्ये तारीख, वेळ, नाव वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. 8 तासांहून मोठा खंड पडला, की पुढचा मेसेज म्हणजे सुरुवात.

चुलीवरचं: सगळ्यांना 8च? नवरा-बायकोत 3 पुरेत. सकाळचा डबा आणि संध्याकाळची भाजी हे दोन विषय आहेत. जुन्या मित्राला 24 ठेवा. नाहीतर रात्री 11 ला विचारलेल्याचं उत्तर सकाळी 8 ला येतं आणि सुरुवात उत्तर देणाऱ्याच्या नावावर चढते. शिवाय मेसेजमध्ये एंटर मारलेला असेल तर दुसऱ्या ओळीला तारीखच नसते. तिथे सूत्र बोंबलतं.

सरळरेघ: बरं, खंडाचं मान्य. एंटरचं मी सांगणारच होतो.

निवृत्त_नाना: सकाळी 6 ला सुप्रभात कोण पाठवतं? ज्येष्ठच. म्हणजे तुमच्या तक्त्यात सर्वांत जिव्हाळा आमचा.

टपरी: दव पडलेला गुलाब म्हणजे संवाद नव्हे, नाना. ब्रॉडकास्ट लिस्टवर एका दमात 256 जणांना जातो तो.

निवृत्त_नाना: लिस्ट नव्हे, फॉरवर्ड! 2018 पासून एका वेळी 5च चॅटना जातं. चाळीस जणांना आठ खेपा. हे कष्ट दिसत नाहीत?

टपरी: दिसतात, आणि मोजणीतून गळतातही. एक्सपोर्टमध्ये फोटोच्या जागी मीडिया वगळल्याची नुसती खूण येते. त्या ओळी काढल्या की सुप्रभात साफ.

निवृत्त_नाना: आणि नातवाचा फोटो? तोही साफ? शाब्बास! तुमच्या पिढीला गाळणंच जमतं.

टपरी: पिढीवर जाऊ नका.

साडेनऊ: उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. नानांचं 6 चं सुप्रभात तिथे जूनमध्ये आदल्या रात्री साडेआठला पोचतं. पोरांना जेवू घालायची वेळ ती. तिथला मुलगा रात्री 10 ला मोकळा होतो, तेव्हा इथे सकाळचे साडेसात, आणि सुरुवात आधीच होऊन गेलेली असते. तो सुरुवात करणार कधी? 'परदेशी गेला आणि विसरला' म्हणण्याआधी घड्याळ बघा.

मिरची: स्टेटसचं कुणी बोललंच नाही. स्टेटसला दिलेलं उत्तर चॅटमध्येच पडतं, पण कशाला दिलं ते एक्सपोर्टमध्ये येत नाही. म्हणजे फोटो टाकून गळ लावणारी गप्प, आणि 'वा, कुठे गेलीस?' विचारणारी पुढाकार घेणारी! मैत्रिणींच्या निम्म्या गप्पा अशाच सुरू होतात. आणि सासरच्या आत्याबाई, मावशी, सगळ्यांचे वाढदिवस सुनेनेच आधी लिहायचे. नवऱ्याच्या नात्यांची सुरुवात बायकोच्या फोनवरून होते, ती कुठल्या रकान्यात टाकणार?

सरळरेघ: त्याला रकाना नाही. दुखणं खरं आहे.

चुलीवरचं: फोन केलेलेही धरा. आई मेसेज करतच नाही, थेट फोन लावते. तक्त्यात ती शून्य.

टपरी: नाना, गाळलं जायचं नसेल तर दोन ओळी स्वतः टाइप करा. टाइप केलेलं मोजतो.

निवृत्त_नाना: चाळीस जणांना? मग पहाटे चारला उठायला हवं.