युद्धकाळातील सराव-अपघात: दोष वैमानिकाचा की घाईचा?

सह्यवारा (धागाकर्ता)

डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या पावणेचार वर्षांत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तिथल्या लष्करी हवाई दलाचे ५२,६५१ विमान अपघात नोंदले गेले आणि त्यांत १४,९०३ माणसे मेली. या आकाशात शत्रूशी एकही हवाई लढाई झाली नव्हती. तरीही दिवसाला सरासरी अकरा मृत्यू होत राहिले आणि त्यांतले बरेच विशीतले प्रशिक्षणार्थी होते.

अपघातानंतर भरल्या जाणाऱ्या ‘फॉर्म १४’मध्ये कारणांची टक्केवारी मांडण्याची पद्धत होती. ‘वैमानिकाची चूक, शंभर टक्के’ असे लिहिले की चौकशीची फाइल मिटत असे, आणि माझा आक्षेप नेमका या मिटण्याला आहे. बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरायचा, धावपट्टीवर धावू लागायचा आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर घेण्याऐवजी वैमानिक चाकेच आत घ्यायचा, त्यामुळे विमान पोटावर बसायचे. हे पुन:पुन्हा घडत होते. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिले, तेव्हा दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच असल्याचे त्याच्या लक्षात आले. सी-४७ या वाहतुकीच्या विमानात या खटक्यांची रचना वेगळी होती आणि तिथे ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराची मूठ बसवली, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळावा. हे अपघात थांबले.

तोवर ज्यांच्या नावावर शंभर टक्के लिहिले गेले, त्यांचे काय? युद्धात शिकताना माणसे मरणारच, हे वाक्य आपण फार सहज स्वीकारतो असे मला वाटते. मते वाचायला आवडतील.

ओझरकर

आकडे बरोबर आहेत, पण त्यांचा वापर जरा सैल झाला आहे. या १४,९०३ मध्ये विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवताना आणि वाहतुकीच्या उड्डाणांत गेलेलेही आहेत. सगळे शिकाऊ नव्हते. त्याच यंत्रणेने १९३९ ते १९४५ या काळात एक लाख नव्वद हजारांहून अधिक वैमानिक घडवले आणि सव्वा लाखाच्या आसपास उमेदवारांना मध्येच घरी पाठवले, हेही सांगायला हवे होते. ज्याला जमत नाही त्याला वेळीच काढणे हीसुद्धा सुरक्षाच असते.

दुसरा मुद्दा पर्यायाचा आहे. जर्मनीने इंधन नाही आणि वेळ नाही म्हणून उड्डाणाचे तास कापले. १९४२ पर्यंत तिथला नवा वैमानिक दोनशेहून अधिक तास उडून आघाडीवर जात असे. १९४४ च्या उत्तरार्धात ते तास सव्वाशेच्या आत आले, तर त्याच सुमारास अमेरिकन वैमानिकाच्या गाठीशी साडेतीनशेहून अधिक तास असत. तास वाढले की सरावातले अपघात वाढणारच, पण ते तास वाचवले तर तेच मरण आघाडीवर दुपटीने येते. कठोर वाटेल, पण अमेरिकेतल्या सरावाच्या प्रत्येक अपघाताकडे निष्काळजीपणा म्हणून पाहणारा माणूस जर्मन पोरांच्या पहिल्या-दुसऱ्या लढाईकडे बघत नाही.

विदुला

ओझरकर साहेब, तासांचा हिशेब मान्य. पण विमानाच्या झाकणाची बिघडलेली कडी दुरुस्त न करण्याने कोणाचे किती तास वाढले?

२३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प डेव्हिस तळावर मेबल रॉलिन्सन ए-२४ विमानातून सरावाचे उड्डाण करत होत्या. विमान उतरताना कोसळले आणि पेटले. मागे बसलेला इन्स्ट्रक्टर बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. पुढच्या कॉकपिटचे झाकण आतून उघडेना, कारण त्याची कडी बिघडलेली होती आणि तशी तक्रार आधीच नोंदवलेली होती. तळावरच्या लोकांना त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.

त्या ‘वास्प’ म्हणजे महिला वैमानिकांच्या दलात होत्या. या दलातल्या ३८ जणी सेवेत असताना गेल्या. कागदोपत्री त्या नागरिक होत्या, त्यामुळे त्यांना ना लष्करी मानवंदना मिळाली, ना पार्थिव घरी पाठवण्याचा खर्च. सहकारी मैत्रिणींनी वर्गणी काढून शवपेटी घरी पोहोचवल्याच्या हकिगती आहेत. त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडले. ज्याच्या मरणाचा खर्चही आपल्या वहीत पडत नाही, त्याची कडी दुरुस्त करण्याची घाई कोणाला असणार?

खटपट्या

मी आयुष्यभर विमानांच्या दुरुस्तीत होतो, आता निवृत्त आहे. म्हणून थोडे हँगरच्या बाजूने लिहितो.

बी-२६ मरॉडर या दोन इंजिनांच्या बॉम्बरचे उदाहरण इथे कोणी आणले नाही याचे आश्चर्य वाटले. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर या विमानांचे इतके अपघात होत की ‘टॅम्पा बेमध्ये रोज एक’ अशी म्हणच पडली. पंख आखूड, उतरताना वेग ताशी दीडशे मैलांच्या आसपास, आणि चालवायला आलेली पोरे हळू विमानांवर शिकलेली. ट्रुमन यांच्या सिनेट समितीपर्यंत प्रकरण गेले, पंख ६५ फुटांवरून ७१ फूट केले गेले, आणि लोक समजतात की पंखांनी प्रश्न सुटला. तसे झाले नाही, कारण त्याच काळात विमानाचे वजनही वाढवले गेले आणि पंखांनी दिलेला फायदा वजनाने खाल्ला.

मला जास्त बोलके वाटते ते प्रोपेलरचे. त्याच्या पात्यांचा कोन विजेवर बदलत असे. जमिनीवर तपासणी करताना नवखे मेकॅनिक बाहेरची वीजगाडी न लावता विमानाच्याच बॅटरीवर काम उरकत. बॅटरी अर्धी उतरलेली, आणि त्यावर उड्डाण! ऐन धावपट्टी सुटताना पात्यांचा कोन सपाट होई, इंजिन बेफाम पळे, त्या बाजूचा जोर जाई आणि विमान कुशीवर कलंडे. अशा वेळी वीस वर्षांच्या पोराला दोन-तीन सेकंद मिळतात. त्याने ती चुकवली तर फॉर्मवर वैमानिकाची चूक लिहिली जाते, आणि शब्दशः ते खोटेही नसते. पण बॅटरी कोणी उतरवली, हा रकाना कुठे आहे?

पुढे मेकॅनिक शिकले, वैमानिकांना एका इंजिनावर उडायला शिकवले गेले, जिमी डूलिटल यांच्यासारख्या नामांकित वैमानिकांनी ते करून दाखवले, आणि हेच विमान युरोपात सर्वांत कमी नुकसान सोसणाऱ्या अमेरिकन बॉम्बरांत गणले गेले. म्हणून सह्यवारा, दोष आराखड्याचा असे सरसकट म्हणू नका. बऱ्याचदा तो घाईत भरती केलेल्या, न शिकवलेल्या हातांचा असतो, आणि ते हात माझ्यासारख्यांचे असतात.

ओझरकर

खटपट्या काकांनी माझेच म्हणणे सिद्ध केले. व्यवस्था चुकली, तिने चूक शोधली आणि सुधारली, तेही युद्ध चालू असताना. याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत.

शिवाय प्रत्येक वेळी खटका आणि कडी दोषी नसते. घरावरून, पुलाखालून, मैत्रिणीच्या अंगणावरून विमान नेण्याच्या हौसेपायी किती जण गेले! आपल्याकडे १९४५ मध्ये अर्जन सिंग यांनाही घरांवरून खाली विमान नेल्याबद्दल कोर्ट मार्शलला सामोरे जावे लागले होते. ते सुखरूप राहिले म्हणून आज किस्सा रंगवून सांगता येतो.

सह्यवारा

खाली उडण्याची हौस मी नाकारत नाही. पण ‘सुधारली’ या क्रियापदात किती काळ मावतो ते पाहा. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांपैकी आठ हजारांहून अधिक जण लढाईबाहेरच्या उड्डाणांत आणि अपघातांत गेले. शेवटच्या टप्प्याच्या सरावासाठी प्रशिक्षणार्थींना आघाडीवरून काढलेली, थकलेली व्हिटली आणि वेलिंग्टन विमाने दिली जात, आणि ब्लॅकआउटच्या अंधारात, ढगांत, डोंगराळ मुलखावरून नवख्या नेव्हिगेटरच्या भरवशावर पाठवले जात असे. धडधाकट विमाने मोहिमांना लागत होती, हे उघड आहे. ही निवड समजूनउमजून केलेली होती, आणि ती केली म्हणून मी कोणाला खलनायक ठरवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की निवड ज्याने केली त्याचे नाव टक्केवारीत यायला हवे होते.

शिवाय किंमत आधीच कळलेली होती. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले, खराब हवेत बाहेरचे न दिसता नुसत्या उपकरणांवर उडता येत नसल्यामुळे काही आठवड्यांत बारा-तेरा वैमानिक मेले, आणि तेव्हा कुठे एडविन लिंक यांची जमिनीवरच विमान उडवायला शिकवणारी निळी पेटी (सिम्युलेटर) लष्कराने विकत घेतली. पेटी त्याआधी पाच वर्षे तयार होती आणि जत्रांमध्ये करमणूक म्हणून चालत होती.

विदुला

आणि ही गोष्ट दूरची नाही. नवख्या वैमानिकांना थेट मिग-२१वर चढवू नका, मधल्या टप्प्याचे जेट घ्या, असे आपल्या हवाई दलाच्या अपघातांवरील ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये सांगितले होते. अशी हॉक ही सरावाची जेट विमाने हवाई दलात आली २००८ मध्ये. मिग-२१ तर आपल्या ओझरलाच तयार होत होते, हे ओझरकरांना मी काय सांगावे. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मुलगा गमावलेल्या एका मराठी आईने त्याच्यावरचा ठपका मान्य न करता वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला. तेव्हा तर युद्धही चालू नव्हते.

ओझरकर

या शेवटच्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. सव्वीस वर्षे युद्धाच्या घाईत बसत नाहीत. महायुद्धाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.