वातामोते: क्योतोच्या सहलीनंतर विनोद आटला का?

पिंपळपान
निको तानिगावा या लेखक-चित्रकार जोडीची 'वातामोते' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०११मध्ये सुरू झाली. माझ्या मते हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाच्या क्योतो सहलीपासून, म्हणजे आठव्या खंडापासून, ती विनोदी राहिलेली नाही. आधी विनोदाची रचना पक्की होती. नायिका कुरोकी तोमोको मनात मोठमोठे बेत आखणार, वर्गातल्या सगळ्यांना मनातच शिव्या घालणार, अर्धं पान स्वगतानं भरणार. आणि समोर कोणी उभं राहिलं की संवादाच्या फुग्यात दोन तुटकी अक्षरं. हसू त्या तफावतीतून यायचं. आता तिच्याभोवती मुलींचा घोळका असतो. तफावत उरली कुठे?

कोकमसार
ती वाटली गेलीय. सहलीत उरल्यासुरल्या मुलींचा गट केला आणि प्रमुख कोण, तर तोमोको! दांडगट योशिदा, जिवलग मैत्रीण दुसऱ्या गटात गेल्यानं घुम्यासारखी बसलेली तामुरा युरी, आणि उची. पूर्वी स्वगत एकटीचं होतं, आता प्रत्येकीचं आहे. उचीचा चेहरा इमोजीसारखा दोन-चार रेघांचा. तोमोकोच्या वागण्याचा ती भलताच अर्थ लावते आणि त्या एका गैरसमजावर पुढची कितीतरी प्रकरणं चालतात.

पिंपळपान
उचीपुरतं मान्य. पण आधी तोमोकोला चुकीची किंमत मोजावी लागायची. आता ती काहीही अचकट-विचकट बोलली तरी योशिदाचा एक फटका, की विषय मिटला.

रातकिडा
पण लोकांशी बोलायच्या भीतीचं काय? बोलण्याआधीची मनातली तालीम लांबते, बोलायची वेळ निघून जाते आणि मग घाईत भलतंच तोंडून बाहेर पडतं. हे या मांगानं फार नेमकं पकडलंय. 'कोमी' या दुसऱ्या मांगात नायिकेच्या गप्प बसण्यावरही अख्खी शाळा भाळते. तोमोकोला तशी सूट नाही. शिवाय सहलीनंतरची माया काही आभाळातून पडलेली नाही. पहिल्या वर्षीच्या सांस्कृतिक महोत्सवातच वरच्या वर्गातली इमाए मॅस्कॉटच्या (शुभंकर बाहुल्याच्या) पोशाखात शिरून तिला मिठी मारते.

कोकमसार
म्हणूनच नव्या वाचकांनी २०१३ची बारा भागांची अ‍ॅनिमे (याच कथेवरची अॅनिमेशन मालिका) बघून थेट आठव्या खंडावर उडी मारू नये. नेमोतो हिना आधी वर्गातली एक हसतमुख मुलगी असते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ओळख करून देताना, ती आवाज-अभिनेत्री व्हायचंय असं सगळ्या वर्गासमोर सांगते. तिचं आधीचं ते सगळ्यांना खूश ठेवणारं हसू पाहिलं नसेल, तर हा प्रसंग सपाट वाटतो.

पिंपळपान
प्रसंग उत्तम, वाद नाही. पण तो मैत्रीवरच्या मांगात शोभणारा आहे, विनोदी मांगात नाही.